विषाची वर्गणी

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटलच्या आसपासच्या गावांत एक गाडी फिरते. शनिवार-रविवार ती एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि तिच्यापुढे मोटारींची रांग लागते. आतल्या माणसाने उतरायचं नाही, फक्त डिकी उघडायची. हातमोजे घातलेले कर्मचारी आतलं सामान उचलून घेतात. तळाशी वाळत आलेला ऑइलपेंटचा डबा, अर्धी टर्पेंटाइनची बाटली, कधी काळी आणलेली झुरळांची पावडर, पाऱ्याचा थर्मामीटर, जुन्या ट्यूबलाइट, मोटारीची बॅटरी. आम्ल एका बाजूला, पेट घेणारं दुसऱ्या बाजूला, कीटकनाशकं तिसऱ्या पिंपात. माणूस रिकाम्या डिकीने घरी जातो. त्याच्याकडे कुणी पैसे मागत नाही.

या गाडीचं नाव वेस्टमोबाईल. १९८९ पासून ती फिरते आहे. ती कोणत्या गावाची, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. किंग काउंटी हा आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश. त्यात आज ३९ शहरं आहेत. सात लाखांहून अधिक वस्तीचं सिअ‍ॅटल त्यांत आहे आणि काही हजार वस्तीची गावंही आहेत. गाडी या सर्वांनी मिळून ठेवलेली आहे.

सर्वांनी मिळून ठेवलेल्या गोष्टीला आपल्याकडे वर्गणीतून पैसा येतो. गणपतीला वर्गणी निघते, देवळाच्या जीर्णोद्धाराला निघते, शाळेच्या छपराला निघते. विषासाठीही वर्गणी काढावी, हे एका प्रदेशाला कसं सुचलं असेल? त्याचा माग काढत मी निघालो तो कारखान्याच्या दाराशी पोचेन असं वाटलं होतं. पोचलो एका तळ्याच्या काठी.

*

सिअ‍ॅटलच्या पश्चिमेला प्युजेट साउंड ही समुद्राची खाडी आणि पूर्वेला लेक वॉशिंग्टन हे गोड्या पाण्याचं लांबलचक तळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराचा मैला या तळ्यात जायचा. पुढे शहराने आपला मैला तळ्यापासून बराचसा वळवला आणि प्रश्न सुटल्यासारखा दिसला. मग १९४० मध्ये तळ्यावर तरंगता पूल झाला. पलीकडच्या काठावरची बेलव्ह्यूसारखी गावं सिअ‍ॅटलच्या आवाक्यात आली, घरं वाढली, आणि प्रत्येक गावाने आपापलं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र बांधलं. काठाभोवती अशी दहाएक केंद्रं उभी राहिली. प्रत्येकाचं पाणी शुद्ध करून तळ्यात सोडलं जायचं. कायदा पाळला जात होता, कुणी चोरून काही करत नव्हतं.

तरीही तळं बिघडत गेलं. शुद्धीकरणात जंतू मरत होते, घाण खाली बसत होती, पण फॉस्फरस पाण्यातच राहत होता. शेतात खत टाकावं तसा तो तळ्यात पडत होता आणि पीक येत होतं शेवाळाचं. १९५५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या प्रयोगशाळेला या पाण्यात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स नावाचं शेवाळ सापडलं. एडमंडसन यांना ते ऐकून माहीत होतं. स्वित्झर्लंडच्या झुरिक तळ्यात ते दिसलं आणि पुढे त्या तळ्याची रया गेली, हे जीवशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं होतं. इथे उद्या काय होणार, हे त्यांना दुसऱ्या खंडातल्या तळ्यावरून वाचता आलं.

त्याच सुमारास जेम्स एलिस नावाचा एक तरुण वकील वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होता. शहरं वाढून एकमेकांना भिडली, पण कारभार अजून आपापल्या शिवेपुरता आहे. मैला, वाहतूक, पाणी हे विषय शीव पाळत नाहीत, असं तो १९५३ पासून सभांमधून सांगत होता. एडमंडसन यांनी त्याला पत्र लिहून शास्त्राची बाजू कळवली. फॉस्फरस येणं थांबवलं तर तळं सुधारेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ते थांबवायचं तर सर्व गावांचा मैला एकत्र गोळा करून तळ्याच्या बाहेर न्यावा लागणार होता. कोणत्याही एका गावाला हे जमण्यासारखं नव्हतं. एखाद्या गावाने स्वतःपुरतं केलं असतं, तरी शेजारच्या नऊ गावांचं पाणी येतच राहिलं असतं.

सर्वांची मिळून एक संस्था काढावी का, यावर मार्च १९५८ मध्ये मतदान झालं. सिअ‍ॅटलने होकार दिला, उपनगरांनी नकार. मोठं शहर आपल्याला गिळेल ही त्यांची भीती होती, आणि प्रस्तावात मैल्याबरोबर वाहतूक आणि नगररचनाही असल्याने ती भीती अगदीच निराधार नव्हती. दोन्हीकडे बहुमत लागत असल्याने प्रस्ताव पडला. एलिस आणि मंडळींनी तो उचलून पुन्हा घडवला. वाहतूक काढली, नगररचना काढली, हद्द लहान केली, फक्त मैलापाणी ठेवलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं आणि ‘मेट्रो’ जन्माला आली. तिच्या परिषदेत निरनिराळ्या शहरांचे निवडून आलेले लोक बसत.

१९६३ ते १९६८ या काळात मैलापाणी टप्प्याटप्प्याने तळ्याबाहेर गेलं. तळ्याची पारदर्शकता मोजायला पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहतात. साठीच्या दशकात ती एक मीटरच्या आतच नाहीशी व्हायची. पुढच्या दशकाच्या अखेरीला उन्हाळ्यात ती सहा-सात मीटरपर्यंत दिसू लागली. एडमंडसन यांचं भाकीत खरं ठरलं.

या तळ्याशी मी रेंगाळलो, कारण वेस्टमोबाईलची खरी आजी इथे आहे. शेजारच्या गावाचं आणि आपलं पाणी एकच आहे, आणि सर्वांनी मिळून पैसे घातले तर पाणी खरोखर सुधारतं, हे या प्रदेशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या पिढीला विषाबद्दल पटवून द्यायची वेळ आली तेव्हा बोट दाखवायला हे तळं होतं.

*

पण तळ्याचा धडा शिकलेलं हेच शहर कचऱ्याच्या बाबतीत जुन्याच वाटेने चाललं होतं.

आपल्या गावांत उकिरडा असायचा. शेण, राख, पालापाचोळा, उष्टं, सगळं तिथे पडायचं आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात जायचं. त्यात न कुजणारं असं फारसं नसायचंच. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातली रसायनं घराघरांत आली: रंग, पातळ करायची द्रव्यं, तणनाशकं, बॅटऱ्या, पाऱ्याच्या नळ्या. टाकायची सवय मात्र उकिरड्याचीच राहिली. लांब, गावाबाहेर टाकलं की संपलं.

सिअ‍ॅटलचं ‘गावाबाहेर’ म्हणजे दक्षिणेला असलेलं केंट. तिथल्या मिडवे नावाच्या जागी खडी काढून झालेली खाण होती. १९६६ ते १९८३ सिअ‍ॅटलने तिथे कचरा भरला. घरांचा कचरा होता, उद्योगांचा होता, त्यात द्रवरूप औद्योगिक कचराही होता. खाण भरली, बंद झाली. १९८५ मध्ये आसपासच्या घरांत मिथेन वायू सापडला. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघालेला वायू खडीच्या थरांतून जमिनीखालून चालत जाऊन लोकांच्या तळघरांत शिरला होता. कुटुंबांना घरं सोडावी लागली. सिअ‍ॅटलने आसपासची घरं बाजारभावाने विकली जातील अशी हमी दिली आणि अनेक घरं स्वतः विकत घेतली. १९८६ मध्ये ही जागा देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या सरकारी यादीत गेली.

त्याच केंटमध्ये वेस्टर्न प्रोसेसिंग नावाचा उद्योग होता. कारखान्यांचा रासायनिक कचरा घेऊन त्यातून उपयोगी भाग काढायचा, असा त्याचा धंदा. १९८३ मध्ये तो बंद करावा लागला तेव्हा माती, भूजल आणि शेजारचा ओढा विषाने भरले होते. तिथे कचरा पाठवणाऱ्या शेकडो कंपन्यांनी पैसे देऊन पिंपं रीतसर उचलायला लावली होती. ती पुढे कुठे गेली हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

केंटच्या या दोन जागा वाचताना मला उरुळी देवाची आणि फुरसुंगी डोळ्यांसमोर येतात. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं या गावांच्या उशाशी पडत राहिला. विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, शहरात कचरा साचला की बोलणी व्हायची, मग पुन्हा गाड्या सुरू. शहराचं ‘बाहेर’ हे कुणाचं तरी घर असतं. केंटच्या लोकांना ते सांगावं लागलं, फुरसुंगीच्या लोकांनाही.

*

इथपर्यंत देशपातळीवर कायदे झाले होते. १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलची बातमी फुटली. पुरलेल्या रसायनांवर शाळा आणि घरं उभी होती. त्याआधी १९७६ मध्येच अमेरिकेने घातक कचऱ्याचा कायदा केला होता आणि १९८० मध्ये त्याचे नियम आले. कचरा तयार झाल्यापासून नष्ट होईपर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवायची, असे ते कडक नियम होते.

त्या नियमांत दोन खिंडारं होती, आणि ती समजून-उमजून ठेवलेली होती. पहिलं, घरातून निघालेला कचरा घातक धरायचा नाही. प्रत्येक स्वयंपाकघराला परवाना आणि नोंदवही कशी देणार? दुसरं, महिन्याला हजार किलोपेक्षा कमी घातक कचरा करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना बहुतेक नियम लागू नव्हते. १९८४ मध्ये ही मर्यादा शंभर किलोवर आणली गेली. तरी गल्लीतलं गॅरेज, ड्रायक्लीनर, छापखाना, दातांचा दवाखाना, फर्निचरला पॉलिश करणारा, हे सगळे बाहेरच राहिले. कारखान्यातलं थिनर घातक होतं. तेच थिनर घरातल्या डब्यात आलं की साधा कचरा झालं.

मेट्रोला हे परवडणारं नव्हतं. घरातून विष बाहेर पडायला दोन दारं असतात, एक कचऱ्याचा डबा आणि दुसरी मोरी. बेलव्ह्यूच्या मोरीत ओतलेलं थिनर शीव ओलांडून रेंटनच्या मैलापाणी केंद्रात पोचायचं. तिथे मैला पचवणारे जिवाणू असतात, त्यांना ते बाधतं. काही धातू गाळात उतरतात आणि तो गाळ शेतांना, जंगलांना खत म्हणून द्यायचा असतो. गाळात शिसं-पारा आला तर खत घेणार कोण? तेव्हा कारखान्यांबरोबर घरांतून किती विष येतं हेही मेट्रोने ऐंशीच्या दशकात शोधायला घेतलं. तळं वाचवायला काढलेली संस्था अशी घराच्या मोरीपर्यंत आली.

मग सिअ‍ॅटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्याने नियमांबाहेर राहिलेल्या त्या दोन अनाथांना एक नाव दिलं: मध्यम जोखमीचा कचरा. घरांचा आणि छोट्या व्यावसायिकांचा घातक कचरा. त्याचं काय करणार याचा आराखडा प्रत्येक स्थानिक सरकारने ३० जून १९९० पर्यंत द्यावा, असं कायद्याने सांगितलं. १९८८ मध्ये मतदारांनी घातक रसायनांवर कर बसवणारा प्रस्ताव मंजूर केला, त्यातून आराखड्यांना पैसाही मिळाला.

किंग काउंटीतल्या प्रत्येक शहराने स्वतंत्र आराखडा करायचा, असं ठरवता आलं असतं. पण चार हजार वस्तीच्या गावाने रसायनतज्ज्ञ कुठून आणायचा? पिंपं, परवाने, विमा, शेकडो मैल लांबच्या भट्टीपर्यंत वाहतूक, हे सगळं त्याने कसं करायचं? शिवाय माणसं राहतात एका गावात, काम करतात दुसऱ्यात, सामान तिसऱ्यात घेतात. तेव्हा सर्वांनी मिळून एकच आराखडा केला. वेस्टमोबाईल आधीच फिरू लागली होती. १९९० च्या आराखड्याने तिला घर दिलं.

*

या आराखड्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट म्हणजे त्याची वर्गणी.

ज्याने कचरा केला त्याने भरावं, हे तत्त्व न्यायाचं वाटतं. पण गाडीपाशी रंगाचा डबा आणणाऱ्याकडून पन्नास रुपये मागून पाहा. पुढच्या वेळी तो डबा मोरीत रिकामा होईल किंवा काळ्या पिशवीत गुंडाळून नेहमीच्या कचऱ्यात जाईल. दारात पैसे मागितले की प्रामाणिक माणसाला दंड बसतो आणि अप्रामाणिक फुकट सुटतो. म्हणून किंग काउंटीने आणून देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं. त्याऐवजी प्रत्येक घराच्या, प्रत्येक दुकानाच्या कचऱ्याच्या आणि मैलापाण्याच्या बिलात एक लहानशी रक्कम घातली. विषाची दारं दोन, म्हणून वर्गणीही दोन्ही दारांवर. माझ्याकडे या वर्षी टाकायला काही नसेल, तरी शेजाऱ्याचं थिनर माझ्या तळ्यात जाऊ नये म्हणून मी माझा वाटा भरतो.

कारभाराची रचनाही वर्गणीच्या हिशेबासारखी उघड ठेवली. समितीत पाच खुर्च्या: सिअ‍ॅटल शहराची, काउंटीच्या कचरा विभागाची, मैलापाणी विभागाची, आरोग्य विभागाची आणि पाचवी उपनगरी शहरांच्या संघटनेची. दर ठरवण्याचा अधिकार आरोग्य मंडळाकडे. मोठ्या शहराकडे पैसा आणि तज्ज्ञ असले, तरी छोट्यांची खुर्ची पहिल्या दिवसापासून आहे. १९५८ चं मतदान कशावरून पडलं होतं हे कुणी विसरलं नव्हतं. पुढे खुद्द मेट्रोच्या परिषदेत मतदारांना समान प्रतिनिधित्व मिळत नाही, असा निकाल १९९० मध्ये न्यायालयाने दिला आणि १९९४ मध्ये मेट्रो काउंटीत विलीन झाली. घातक कचऱ्याची पाच खुर्च्यांची व्यवस्था टिकली.

या वंशावळीत एक थोरला भाऊही आहे, युरोपातला. डेन्मार्कच्या नगरपालिकांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन कोम्युनेकेमी नावाची कंपनी काढली. फ्यून बेटावरच्या न्यूबोर्ग इथे तिचा कारखाना उभा राहिला आणि देशभरातला तेलकट-रासायनिक कचरा तिथे जाऊ लागला. १९७२ मध्ये तेल आणि रसायनांच्या कचऱ्याचा कायदा झाला. छोट्या देशाच्या शेकडो नगरपालिकांनी भट्टी एकच बांधली आणि मालकी सर्वांची ठेवली. तिथे एका मोठ्या भट्टीभोवती माणसं जमली, इथे एका फिरत्या गाडीभोवती. वर्गणीचा विचार दोन्हीकडे तोच.

*

गाडी उभी राहिली, पण जमलेल्या वर्गणीने काय करायचं याचा विचार बदलत गेला.

दातांत ‘चांदी’ भरतात त्यात निम्मा पारा असतो. जुनी चांदी कोरून काढताना तो बेसिनमधून मोरीत जातो. किंग काउंटीत दंतवैद्यांना पारा अडवणारी उपकरणं बसवा म्हणून १९९५ पासून काही वर्षं विनवण्या केल्या, फार थोड्यांनी बसवली. मग नियम झाला, २००३ पासून तो लागू झाला, आणि बहुतेक दवाखान्यांत उपकरणं आली. मैलापाण्याच्या गाळातला पारा उतरला. देशपातळीवर असा नियम यायला २०१७ उजाडलं.

पुढचा प्रश्न निघाला तो वर्गणीवरच. उरलेल्या औषधांचा, ट्यूबलाइटचा, रंगाचा खर्च गावाने का सोसायचा? ज्याने विकून नफा मिळवला त्यानेच परत घेण्याची सोय का करू नये? २०१३ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाने औषध कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने नको असलेली औषधं गोळा करावीत असा नियम केला. पाऱ्याच्या दिव्यांसाठी २०१५ पासून आणि रंगांसाठी २०२१ पासून राज्यभर तशीच व्यवस्था आली. विषाच्या वर्गणीत आता उत्पादकाचंही नाव लागलं.

आणि शेवटी ही वंशावळ आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचते. तिथल्या घातक कचरा कार्यक्रमातल्या आणि आरोग्य विभागातल्या संशोधकांना अफगाणिस्तानातून आलेल्या निर्वासित मुलांच्या रक्तात शिसं जास्त दिसत होतं. घरं तपासताना नजर गेली बरोबर आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांवर आणि कुकरवर. सौम्य आम्लात ती भांडी ठेवून पाहिली तर शिसं उतरत होतं. हे संशोधन २०२२ मध्ये छापून आलं. २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्याने भांड्यांतल्या शिशावर मर्यादा घालणारा कायदा केला. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शिसं सोडणाऱ्या काही आयात भांड्यांबद्दल इशारा दिला, त्यात हिंडालियम हे नाव होतं. आपल्या कढईचं, आपल्या पातेल्याचं नाव. बेलव्ह्यू-रेडमंडच्या मराठी घरांतही आईने बॅगेत घालून दिलेली अशी कढई असू शकते. कचऱ्याच्या पिंपाशी उभी राहिलेली माणसं उलट्या दिशेने चालत चुलीपर्यंत आली, कारण फेकताना जे विष असतं ते वापरतानाही विषच असतं.

*

आता आपल्याकडे.

महाराष्ट्रात घातक कचऱ्याची सामायिक व्यवस्था नाही असं मुळीच नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे नियम आले. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी इथे कारखान्यांसाठी सामायिक केंद्रं उभी राहिली. अनेक कारखान्यांचा कचरा एका ठिकाणी तपासायचा, जाळायचा किंवा खाली-वर अस्तर घातलेल्या भरावात बंद करायचा, ही वर्गणीचीच कल्पना. पण ती उद्योगांपुरती आहे. घर तिच्या बाहेर आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याला नाव दिलं. दर वीस चौरस किलोमीटरला एक याप्रमाणे स्थानिक संस्थेने तो घेण्याची केंद्रं उघडावीत आणि पुढे विल्हेवाटीच्या केंद्राकडे पाठवावा, असं त्यांत सांगितलं. मुंबई महापालिकेची हद्द चारशे चौरस किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणजे एकट्या मुंबईत वीसहून जास्त केंद्रं. आपल्या घराजवळचं केंद्र कुठे आहे, हे वाचकाने स्वतःला विचारून पाहावं. नियमाने जागा सांगितली, अंतर सांगितलं. गाडी कुणाच्या पैशाने फिरेल आणि छोटी नगरपालिका मोठ्या महापालिकेबरोबर कोणत्या खुर्चीवर बसेल, हे कुणी ठरवायचं?

तोवर हा कचरा ज्यांच्या हातांतून जातो ते हात मला दिसतात. पुण्यात कचरावेचक महिलांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं लोकांना सांगायला घेतलं. आत काय आहे हे उघडल्यावर कळू नये, आधीच कळावं, एवढीच मागणी. फुटलेली ट्यूबलाइट, सुई, आम्लाची बाटली यांनाही तोच न्याय लागतो.

वाटून न घेतलेल्या विषाचं काय होतं, हे भोपाळने दाखवलं. १९८४ च्या दुर्घटनेनंतर त्या कारखान्यात उरलेला ३३७ टन कचरा चाळीस वर्षं तिथेच होता. अंकलेश्वरला पाठवायचं ठरलं, गुजरातने नाही म्हटलं. नागपूरजवळ जाळायचं ठरलं, महाराष्ट्राने नाही म्हटलं. जर्मनीला पाठवायची बोलणी फिसकटली. शेवटी १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर पिथमपूरकडे निघाले. तिथे लोक रस्त्यावर उतरले, न्यायालयात वाद झाले, आणि जूनअखेरीस तो जाळून झाला. नकार देणाऱ्या कोणत्याही गावाला मी दोष देणार नाही. त्यांना विचारलं गेलं होतं ते भार उचलायला, बसायला खुर्ची कुणी दिली नव्हती.

आणि आपलं लेक वॉशिंग्टन? ते शोधायला लांब जावं लागत नाही. उल्हास नदी आणि तिला मिळणारी वालधुनी. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, कल्याण यांचं पाणी तिथे एकमेकांत मिसळतं. २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. टँकर कोणत्या हद्दीत रिकामा झाला हे श्वास घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत, शिवाय नगरपालिका वेगळ्या. त्यांचं बरंचसं सांडपाणी खाड्यांकडे जातं आणि तळोज्याचं केंद्र याच प्रदेशात आहे. त्यांच्यासाठी फिरणारी एक गाडी, घरपट्टीच्या किंवा पाणीपट्टीच्या बिलात प्रत्येकाकडून थोडी वर्गणी, आणि बदलापूरच्या नगरपालिकेलाही मुंबईइतकीच एक खुर्ची, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

सुरुवात लहान झाली तरी हरकत नाही. एलिस यांनी मार्चमध्ये सगळं एकदम मागितलं आणि हरले. सप्टेंबरमध्ये त्यांनी हद्द कमी केली, मागणी एकावर आणली, जे तयार होते त्यांना घेऊन पुन्हा दार ठोठावलं. वेस्टमोबाईल रस्त्यावर यायला त्यानंतर एकतीस वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत, कारण झुरिकच्या तळ्यावरून सिअ‍ॅटलने जे वाचलं, तसं वाचायला आपल्यापुढे आता सिअ‍ॅटल आहे.